क्लब की गावाची टीम?

मंडळी, माझी लेक बोस्टनजवळ राहते. नातू दहा वर्षांचा, फुटबॉलवेडा. घरात वाद एकच : गावाच्या टीमला घालायचं की क्लबला? गावाच्या टीमची फी कमी, कोच म्हणजे कुणाचे तरी बाबा. क्लबात पगारी कोच, निवडचाचणी. फी कितीतरी जास्त, वर परगावच्या सामन्यांचा प्रवास. शिकवतात चांगलं, पण सामन्यात खेळवतीलच याची खात्री नाही. तिकडे १९६४ पासूनच्या ‘एवायएसओ’ संस्थेचा नियमच आहे, प्रत्येक मुलाला निम्मा सामना तरी खेळवायचा. मी लेकीला म्हटलं, ‘फी भरताना एवढंच विचार, पोरगं मैदानात किती वेळ असेल?’ आपल्या आवारातल्या मैदानाला तर फीसुद्धा नाही. तिथे पार्किंग तेवढं होऊ देऊ नका!