गॅमा किरणांची घरगुती ओळख



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आमच्या शेजारच्या आजोबांनी मला सकाळीच गाठले आणि विचारले, "अहो, गॅमा किरण घरी मोजायचे म्हणता, पण ते घरात आणायचे कुठून?" प्रश्न रास्त होता. उत्तर सोपे आहे. ते आणावे लागत नाहीत, ते आहेतच. ज्या विटांच्या भिंतीला आपण टेकून बसतो तिच्यातून, पायाखालच्या जमिनीतून, आणि या क्षणी आपल्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या देहातूनही ते निघत आहेत. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातला अगदी अल्प अंश किरणोत्सर्गी असतो, आणि तेवढ्याने दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणूंचे विघटन होत असते. म्हणून कोणी घाईने जागा बदलू नये. नव्या जागीही शेजारी असणारच.

मी या छंदाकडे वळलो तो कांद्यामुळे. आपल्या जिल्ह्यात लासलगावी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने उभारलेले 'कृषक' हे केंद्र २००२ साली सुरू झाले. तेथे कोबाल्ट-६० या द्रव्याचे गॅमा किरण कांद्यावर सोडून त्याला मोड येण्याचे थांबवितात. २००७ साली याच केंद्रातून किरण दिलेला आंबा अमेरिकेला गेला. चाळीत साठविलेल्या कांद्याला मोड फुटले की शेतकऱ्याचे काय होते ते नाशिककरांना मी सांगावयास नको. परंतु या केंद्राचे नाव निघाले की कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतोच, "तो कांदा किरणोत्सर्गी होतो म्हणे." या 'म्हणे'चे काय करावे? तज्ज्ञांचे म्हणणे आपण ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन पुन्हा 'म्हणे' म्हणतो. मला वाटले, हा प्रश्न आपल्या टेबलावर ठेवून पाहता येईल का?

किरण मोजण्याचे गायगर यंत्र पुष्कळांनी चित्रपटात पाहिले असेल. ते टकटक करते. पण त्याची टकटक 'किती' एवढेच सांगते, 'कोणाचे' हे सांगत नाही. बाजार समितीच्या दारात उभे राहून किती गोण्या आत गेल्या एवढेच मोजावे, तसे ते आहे. गोणीत काय आहे हे कळायचे तर गोणी उघडली पाहिजे, माल निवडला पाहिजे. गॅमा किरणांचा माल निवडण्याच्या या विद्येला वर्णपटमापन म्हणतात.

प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्य ठराविक शक्तीचेच गॅमा किरण सोडते. ही शक्ती किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात सांगतात. आपण आज नुसते आकडे बोलू. पोटॅशियमचा आकडा १४६१. कोबाल्ट-६० चे दोन, ११७३ आणि १३३२. हे आकडे द्रव्य कितीही तापविले, विरघळविले, दळले तरी बदलत नाहीत. अंगठ्याच्या ठशासारखी ही ओळख आहे.

ही शक्ती ओळखायची कशी? १९४८ साली रॉबर्ट हॉफस्टाटर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की थोडे थॅलियम मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक या कामी फार उपयोगी आहे. गॅमा किरण त्यात शिरून थांबला की प्रकाशाचा एक अतिसूक्ष्म लखलखाट होतो. जेवढी शक्ती अधिक तेवढा लखलखाट मोठा. स्फटिकाला चिकटवलेली प्रकाशवर्धक नळी त्या लखलखाटाचा विजेचा ठोका बनविते आणि संगणक त्या ठोक्यांची उंची पाहून त्यांना निरनिराळ्या खणांत टाकतो. खळ्यावर कांदा निवडताना मोठा एका बाजूला, मध्यम दुसऱ्या, गोल्टी तिसऱ्या, तसेच हे; फक्त येथे खण हजारभर असतात. काही किरण स्फटिकात आपली अर्धीच शक्ती टाकून निसटतात. मोठा कांदा फुटून त्याची फोड गोल्टीत पडावी तसे त्यांचे ठोके खालच्या खणांत जातात. म्हणून आलेखात डावीकडे एक मोठा उतार दिसतो, आणि त्यावर ठिकठिकाणी शिखरे उभी राहतात. आपल्याला वाचायची ती ही शिखरे.

पूर्वी हे काम मोठ्या प्रयोगशाळांतच होई. आज नळी जोडलेला स्फटिक हौशी माणसाला मिळू शकतो, आणि ठोके मोजण्यास संगणकाची आवाज ग्रहण करणारी जोडणीही पुरते. नळीऐवजी सिलिकॉनचा प्रकाशग्राहक लावलेली, खिशात मावणारी तयार यंत्रेही निघाली आहेत. नवख्याने अशा तयार यंत्रापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. कारण नळीला सातशे-आठशे व्होल्टचा दाब लागतो, आणि तो झटका किरणांपेक्षा फार लवकर अनुभवास येतो. सोडियम आयोडाइड मिठाचा भाऊबंद आहे. आपल्या आषाढातल्या हवेत तो पाणी धरतो. त्याचे झाकण कधीही उघडू नये. थंडी-उन्हाचा एकदम फरक झाल्यास तो तडकतो, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्र आले की पहिले काम मापपट्टी जुळविण्याचे. ठोके कोणत्या खणात पडले ते यंत्र सांगते, पण तो खण कोणत्या आकड्याचा हे आपण त्याला शिकवावे लागते. यासाठी आपल्याकडे उत्तम गुरू आहे, तो म्हणजे द्राक्षबागेत घालतात ते म्युरिएट ऑफ पोटॅश. या खताच्या एका किलोत दर सेकंदाला सुमारे साडेपंधरा हजार अणूंचे विघटन होते. त्यांपैकी दहात एकाच्या थोडे वर गॅमा किरण देतात. पिशवी जवळ ठेवून तासाभराने पाहा. उजवीकडे एक शिखर उभे राहील. तो आपला १४६१. दुसरी खूण हवी असेल तर आपल्याला फार थांबायचे नाही, वळीव आता येईलच. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू सतत वर येतो, त्याची संतती हवेतल्या धुळीला चिकटते, आणि पाऊस तिला खाली आणतो. सर पडून गेल्याबरोबर मोटारीची ओली काच कागदी रुमालाने पुसा, तो रुमाल पिशवीत घालून स्फटिकाजवळ ठेवा. ३५२ आणि ६०९ या आकड्यांवर शिखरे दिसतील, आणि सुमारे अर्ध्या तासाने ती निम्म्यावर आलेली असतील. अर्धायुष्य हा शब्द मी पुस्तकात शंभरदा वाचला होता. तो मला कळला त्या ओल्या रुमालाने.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या एका स्नेह्याने लासलगावहून किरण दिलेले कांदे आणून दिले. एक किलो कांदा मी रात्रभर स्फटिकाजवळ ठेवला. सकाळी पाहतो तो १४६१ वर ठळक शिखर! मी मनाशी म्हटले, 'म्हणे' खरेच होते तर. हातात फोन घेतलाही होता. सुदैवाने त्याच रात्री कांदे काढून रिकाम्या जागेचे मापन करण्याची बुद्धी झाली. सकाळी तेच शिखर, तेवढेच उंच. ते माझ्या भिंतीच्या विटांतले पोटॅशियम होते! कांद्यातही पोटॅशियम असतेच, पण किलोमागे सुमारे दीड ग्रॅम. त्यातून सेकंदाला पाचच्या आसपास गॅमा किरण निघतात, आणि त्यांतला एखाद-दुसराच स्फटिकाला सापडतो. मी ज्याला कांद्याचा गुन्हा समजलो तो माझ्याच घराचा होता.

मंडळी, या छंदातला पहिला नियम हा आहे : आधी रिकामे मोजा. दुसरा नियम, घाई करू नका. शंभर ठोके मोजले तर दहा इकडे-तिकडे होणे हा निव्वळ योगायोग असतो. दहा हजार मोजले तर तोच फरक शंभरावर एक एवढा उरतो. मी नंतर किरण दिलेला कांदा, न दिलेला कांदा आणि रिकामी जागा अशा तिन्हींचे अनेक रात्री मापन केले. ११७३ आणि १३३२ या कोबाल्टच्या जागा तिन्हींत सारख्याच सपाट होत्या. तिघांत भेद करणे माझ्या यंत्राला जमले नाही.

आणि तसे ते जमू नये, हेच शास्त्रही सांगते. कोबाल्टची शक्ती कांद्यातल्या कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून कण उखडून काढण्यास फार अपुरी आहे, आणि कोबाल्ट स्वतः बंदिस्त पोलादात असते. ते कांद्याला शिवतही नाही. दिवा मालवला की भिंतीत उजेड साठून राहत नाही. म्हणूनच या यंत्राने कांद्याला किरण दिले होते की नव्हते, हेही ओळखता येत नाही. मात्र मी "काही नाही" असे म्हणत नाही. "माझ्या यंत्राला दिसले नाही" एवढेच म्हणतो. या दोन वाक्यांतले अंतर राखणे हाच प्रामाणिकपणा.

जाता जाता एक कळकळीची सूचना. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका प्रयोगशाळेतून निकालात काढलेले उपकरण आले, त्यातले कोबाल्ट-६० उघडे पडले, अनेकजण आजारी झाले आणि एक कामगार दगावला. ती माणसे बेफिकीर नव्हती; त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तीन पाकळ्यांची किरणोत्सर्गाची खूण भंगारात कोठे दिसली तर आपले यंत्र घेऊन जवळ जाऊ नका. दूर व्हा, इतरांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. या छंदासाठी किरणोत्सर्गी द्रव्य विकत घेण्याचीही गरज नाही, आणि परवान्याविना ते बाळगणे कायद्यातही बसत नाही. जुन्या बत्तीच्या जाळीत थोरियम असू शकते. घरात सापडली तर तिचा चुरा होऊ देऊ नका, कारण ती धूळ श्वासात जाणे वाईट. भिंत, खत, पाऊस एवढी सामग्री आयुष्यभराला पुरते.

एकेकट्याने हा खर्च करावा असेही मी म्हणत नाही. एखाद्या शाळेत, एखाद्या वाचनालयात असे एक यंत्र असावे, आणि पोरांनी त्यावर आपल्या विहिरीचे पाणी, स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट, गोदेची वाळू तपासावी. आपला काळा पाषाण या बाबतीत किती शांत आहे आणि बाहेरून आणलेला तांबूस ग्रॅनाइट किती बोलका असू शकतो, हे त्यांना आपोआप कळेल. भीती आणि भरवसा या दोन्ही गोष्टी आपण आजवर दुसऱ्यांकडून उसन्या घेत आलो. पुढच्या वेळी कोणी "म्हणे" म्हणाले तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला घरी बोलवा, चहा द्या, आणि आधी रिकाम्या जागेचे मापन लावून ठेवा.