मोटारचोरी आणि तिचा बंदोबस्त

चोरी झाली म्हणजे पोलिसांना बोलवावें आणि चोर सांपडला नाहीं म्हणजे पोलिसांनाच दोष द्यावा, ही रीत सर्व देशांत सारखीच आहे. मोटारचोरीच्या बाबतींत ती किती अपुरी पडते, हें इंग्लंडच्या अनुभवावरून चांगलें समजतें.

१९९२-९३ च्या सुमारास इंग्लंड व वेल्समध्यें वर्षाला साडेपांच लाखांहून अधिक वाहनें चोरीस गेल्याची नोंद पोलिसांकडे होत असे. चोरांत निव्वळ मौजेखातर गाडी पळविणारीं पोरें पुष्कळ होतीं. त्यांचें काम सोपें कोणी केलें? गाडी बांधणारानें! दाराचें कुलूप पेचकसानें उघडे, दोन तारा जोडल्या कीं इंजिन सुरू होई. ग्राहक कुलपासाठीं पैसे मोजीत नाहीं, असें कारखानदार म्हणत. चोरीची झळ मालकाला आणि विमा कंपनीला लागे. कारखानदाराची मात्र, बोलणें कडू आहे, पण त्या जागीं एक नवी गाडी खपे.

ही कोंडी केवळ शिक्षा वाढवून फुटली नाहीं. १९९२ सालीं ब्रिटिश गृहखात्यानें कोणत्या बनावटीच्या गाड्या अधिक चोरीस जातात, त्याची यादीच छापून काढली. कायद्याला न भिणारा व्यापारी बदनामीला भितो. विमा कंपन्यांनींहि थॅचम येथील आपल्या संशोधन केंद्रांत गाड्यांचा बंदोबस्त पारखून हप्त्याचे दर ठरवितांना तो जमेस धरला. पुढें किल्लीची गुप्त खूण पटल्यावांचून इंजिन सुरू होऊं न देणारा ‘इमोबिलायझर’ ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघाच्या नियमानें नव्या मोटारींना सक्तीचा झाला. त्याच वर्षीं पोलीस, सरकारी खातीं, कारखानदार व विमेवाले यांची एक संयुक्त समिति बसली. पांच वर्षांत वाहनांविषयींचे गुन्हे ३० टक्क्यांनीं घटवावयाचे, असें उद्दिष्ट ठरलें. मोडक्या गाडीची ओळख चोरीच्या गाडीला चिकटवून विकण्याचा धंदा चाले, म्हणून २००१ च्या कायद्यानें भंगारवाल्यांवर आणि नंबराच्या पाट्या करणारांवर नोंदणीचें बंधन घातलें. २०१३-१४ पर्यंत वार्षिक चोऱ्या एक लाखाच्या पुष्कळ खालीं आल्या.

परंतु नव्या गाडीला कुलूप बसलें म्हणजे चोर जुन्या गाडीकडे वळतो. पश्चिम जर्मनीनें १९६३ मध्यें स्टिअरिंगचें कुलूप जुन्या-नव्या सर्वच मोटारींना सक्तीचें केलें. चोऱ्या एकदम घटल्या. ब्रिटननें १९७१ पासून तें फक्त नव्या गाड्यांना लावलें, तेव्हां भार जुन्या गाड्यांवर, म्हणजे बहुधा गरीब मालकांवर, पडला.

आतां तोच प्रकार दुसऱ्या रूपानें दिसतो. किल्ली खिशांत ठेवूनच दार उघडण्याची सोय कारखानदारांनीं आणली; चोरांनीं घरांतल्या किल्लीची रेडिओलहर यंत्रानें अंगणांतल्या गाडीपर्यंत पोंचविण्याची युक्ति काढली. २०२२-२३ मध्यें नोंदलेल्या चोऱ्या पुन्हां सव्वा लाखाच्या वर गेल्या. अशीं यंत्रें बाळगणें हाच गुन्हा ठरविणारें विधेयक २०२५ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटांत आलें. कित्येक नव्या किल्ल्या कांहीं वेळ हलल्या नाहींत तर आपोआप निद्रिस्त होतात. ज्यांच्या किल्ल्या तशा नाहींत, ते रात्रीं त्या पत्र्याच्या डब्यांत ठेवतात, आणि स्टिअरिंगला पुन्हां जुना लोखंडी दांडा अडकवितात.