आधी थांबायला शिका, मग पळायला

(आपल्या रेडिओ केंद्रावरच्या ‘दुपारच्या गप्पा’ या कार्यक्रमातलं भाषण. बोलणाऱ्या ताई पाटण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सचिव आहेत.)

मैत्रिणींनो, जेवणं झाली असतील, भांडी राहिली असतील तर राहू द्या. पंधरा मिनिटं बसा.

आज मी तुम्हाला पतंगाच्या गाडीची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. पतंगानं ओढायची तीन चाकांची गाडी असते. इंजिन नाही, पेट्रोल नाही, बैल नाही. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग गाडीला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी ती शिकायला गेले. तोंडावर पडले, आणि मग शिकले.

माझी लेक आणि जावई डेन्मार्कात असतात, एस्बियर्ग नावाच्या बंदराच्या गावात. समुद्रातल्या पवनचक्क्यांची मोठी कामं तिथून चालतात, जावईबापूंची नोकरी त्यातलीच. आपल्या चाळकेवाडीच्या, वनकुसवड्याच्या सड्यावर पवनचक्क्या आहेत ना, तसलंच काम. मी जूनमध्ये दीड महिना त्यांच्याकडे गेले होते. तिथून तासाभराच्या रस्त्यावर रोमो नावाचं बेट आहे. बेटावर जायला समुद्रातून नऊ किलोमीटरचा बांध घातलाय, दोन्हीकडं पाणी आणि मधून रस्ता. पलीकडं वाळूचं मैदान, इतकं रुंद की पाणी कुठंय ते शोधावं लागतं. वाळू ओली आणि घट्ट, तिच्यावरून मोटारी चालतात. तिथं मी पहिल्यांदा ही गाडी पाहिली. माझ्याच वयाच्या एक बाई, पाय पुढं करून जमिनीलगत बसलेल्या, डोक्यावर शिरस्त्राण, आणि सुसाट गेल्या. मी लेकीला म्हटलं, “अगं, हिला काय म्हणतात?” ती म्हणाली, “काइट बगी. बसायचंय का आई?” मी म्हटलं, “छे!” आणि रात्रभर तेच डोळ्यांपुढं.

घरी फोन केला. आमचे हे म्हणाले, “हाडं मोडून घेऊ नको, तिथला दवाखाना परवडायचा नाही.” थोरल्या जाऊबाई मागून म्हणाल्या, “या वयात पतंग?” खरं सांगू, त्या बोलण्यानंच माझं नक्की झालं. जावईबापूंनी आधी विम्याची चौकशी केली, मग शिकवणाऱ्या बाईंकडं नाव घातलं. हा क्रमही ध्यानात ठेवा.

आता ही गाडी आली कुठून? दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये, ब्रिस्टल गावात, जॉर्ज पोकॉक नावाचे शाळामास्तर होते. त्यांना पतंगांचं वेड. १८२४ साली त्यांनी मोठ्या पतंगाला खुर्ची बांधून आपल्या मुलीला, मार्थाला, सुमारे २७० फूट वर चढवलं. पोर सुखरूप खाली आली. १८२६ साली त्यांनी पतंगांनी ओढायच्या घोडागाडीचं पेटंट घेतलं. घोडागाडी म्हणते खरी, पण घोडाच नव्हता! ही मार्था पुढं डब्ल्यू. जी. ग्रेस या नामांकित क्रिकेटपटूची आई झाली, आणि तिला स्वतःला क्रिकेटची चांगली जाण होती. पतंगावर बसलेल्या पोरीला चेंडूची काय भीती!

आज जी तीन चाकांची बुटकी गाडी दिसते, ती १९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या ॲशबर्टन गावातल्या पीटर लिन यांनी बनवली आणि जगभर नेली.

आता शिकायचं कसं ते सांगते. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी गाडीत बसवतील. कसलं काय! दोन दिवस गाडीला हातही लावू दिला नाही. पहिला धडा वाऱ्याचा.

बाईंनी विचारलं, वारा कुठून येतोय? मी वाळूची मूठ वर धरून सोडली आणि हातानं दाखवलं. त्या खूश झाल्या. लेकीनं त्यांना सांगितलं, आई खळ्यावर उपणणी करत आलीय. बायांनो, आपण पाटी उंच धरून धान्य सोडतो तेव्हा काय बघतो? वारा सलग आहे का झोतानं येतोय, भूस कुठं पडतंय, दाणा कुठं पडतोय. हेच तिथलं पहिलं शिक्षण. झाडाची पानं सतत हलताहेत आणि हलका झेंडा पसरून राहतोय, असा वारा नवशिक्याला बरा. ताशी दहा ते वीस किलोमीटरचा. धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलायला लागल्या, की नवशिक्यानं पतंग गुंडाळायचा. वारा झटक्याझटक्यानं येत असेल तर मंद असला तरी नको. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर प्रश्नच नाही. भरती-ओहोटीची वेळ आधी बघायची. आणि जवळपास विजेच्या तारा असतील तर तिथं उभंच राहायचं नाही.

दुसरा धडा पतंगाचा. हा आपल्या संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. काड्या नसतात. उशीच्या खोळी शेजारी शेजारी शिवाव्यात तसं कापड, वारा भरला की फुगतं. नवशिक्याला दोन-तीन चौरस मीटरचा पुरतो, साधारण एका सतरंजीएवढा. त्याला चार दोऱ्या, वीसेक मीटर लांब. दोन हातांत दोन मुठी. प्रत्येक मुठीच्या वरच्या टोकाला ओढीची दोरी आणि खालच्या टोकाला ब्रेकची. डावी मूठ ओढली की पतंग डावीकडं, उजवी ओढली की उजवीकडं, अगदी बैलांच्या कासऱ्यासारखं. दोन्ही मुठींची खालची टोकं ओढली की पतंग मागं सरकत खाली बसतो. बसला की लगेच त्याच्या कडेवर वाळू टाकायची, नाहीतर आपण पाणी प्यायला जातो आणि पतंग आपला आपण निघतो.

दोरी अंगठ्याएवढी जाड असेल असं वाटलं होतं. ती शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी निघाली, पण माणूस ओढेल इतकी मजबूत. ताणलेली दोरी कधीही हातानं धरायची नाही, बोट कापतं. ताणलेल्या दोरीखालून कुणाला जाऊ द्यायचं नाही.

तिसरा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. पाठ वाऱ्याकडं करून उभं राहा. समोर एक मोठी टोपली अर्धी कापून पालथी घातलीय असं समजा. पतंग त्या टोपलीच्या आतल्या अंगावरच फिरतो. अगदी डोक्यावर असला, किंवा डाव्या-उजव्या कडेला असला, तर ओढ कमी. समोर, मधोमध आणि खाली आला, की ओढ सगळ्यांत जास्त. नवशिक्यानं पतंग डोक्यावर ठेवायला शिकायचं. घड्याळातले बारा वाजले, असं बाई म्हणायच्या. गोंधळ झाला की बारा वाजवा!

आणि बारा वाजवूनही जमलं नाही, तर सोडा. हातातल्या मुठी सोडून द्यायच्या. मनगटाला पट्टा असतो, तो ब्रेकच्या दोरीला जोडलेला. मुठी सोडल्या की पतंगातली ओढ जाते आणि तो फडफडत खाली पडतो. पळून जात नाही. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडून हेच वीस वेळा करून घेतलं. उडव, सोड. उडव, सोड. मला कंटाळा आला. मनात म्हटलं, सोडायला काय शिकायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला. बाई म्हणाल्या, आज पुरे. मी बोटानं खूण केली, एकदाच. त्या दोनदा नको म्हणाल्या, पण माझा पतंग वर गेलाच होता. लेक थर्मासमधला चहा ओतत होती. तेवढ्यात झोत आला, पतंग सर्रकन समोर मधोमध आला आणि मला असं ओढलं, जसा उधळलेला खोंड ओढतो. बाई ओरडल्या, लेक ओरडली, “आई, सोड! सोड!” मला ऐकू येत होतं. कळतही होतं. पण मुठी सुटेनात. दहा-बारा पावलं फरफटले आणि तोंडावर पडले. गाल सोलला, गुडघा नारळाएवढा सुजला. चूक कुणाची? माझी. बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

लेक रडली, मग चिडली. “आई, वीस वेळा शिकवलं होतं. का नाही सोडलंस?” मी काय सांगणार? पाण्याची कळशी असो, दाव्याला ओढणारी म्हैस असो, घर असो, आपल्याला एकच शिकवलंय, हातातलं सोडायचं नाही. ते चांगलंच आहे, त्यावरच घरं उभी आहेत. पण कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं, हे हाताला वेगळं शिकवावं लागतं. डोक्याला कळून उपयोग नसतो, कारण त्या क्षणी डोकं विचारात घेतलंच जात नाही, हात आपलं जुनं काम करतात. म्हणून ते वीस वेळा.

आठवडाभर गुडघ्याला शेक दिला. घरी फोनवर फक्त चेहरा दिसायचा, म्हणून मी सोललेला गाल वळवूनच बोलायचे. आठ दिवसांनी मी आपणहून म्हटलं, जाऊ या. पण त्या दिवशी आधी चाळीस वेळा सोडलं. बाईंनी न सांगता.

मग गाडी. गाडीत बसताना पतंग डोक्यावर, बारा वाजता. बसायला खोलगट झोळी, पुढं एक चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे दांडे. वळवायचं पायांनी. उजवा पाय पुढं रेटला की गाडी डावीकडं वळते. सायकलचा उजवा हँडल पुढं ढकलून बघा, तसंच. पहिल्यांदा उलटं वाटतं. ब्रेक नाही. चालत्या गाडीतून पाय खाली टेकवायचा नाही, घोटा चाकाखाली जातो. आणि स्वतःला गाडीला बांधून घ्यायचं नाही. डोक्याला शिरस्त्राण, हातमोजे, गुडघ्यांना पट्ट्या.

वारा पाठीवर घेऊन पळायचं असेल असं मला वाटायचं. तसं नाही. नवशिक्यानं वाऱ्याला आडवं जायचं. वारा उजव्या कानावर येतोय, तर नाकासमोर चाला. पतंग बारावरून हळूच ज्या बाजूला जायचं त्या बाजूला उतरवायचा, एक-दीडपर्यंत. गाडी निघते. वाऱ्याबरोबर गेलं तर दोऱ्या ढिल्या पडतात आणि चाकाखाली येतात. थांबायचं असेल तर पतंग परत बारा वाजता आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडं. गाडी आपोआप मंदावते. पहिला दिवस एवढाच: वीस-तीस मीटर जा, थांबा. उतरा, गाडी फिरवा, परत या, थांबा.

त्या संध्याकाळी मी सलग गेले. तिथं जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. लेक म्हणते शंभर मीटर असेल, मला ते पाटण ते कोयनानगर वाटलं. चाकांचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. आणि थांबले. स्वतः थांबले! बाईंनी टाळ्या वाजवल्या त्या पळण्याला नाही, थांबण्याला.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला याचा काय उपयोग? आपल्याकडं असली मैदानं, असे शिकवणारे सहज मिळत नाहीत, आणि सड्यावर तर पवनचक्क्या नि विजेच्या तारा. तेव्हा साडीचा पतंग करून पोरांनी हातगाडी जोडू नये, हे मी स्पष्ट सांगते. कुणाची लेकरं बाहेरदेशी असली आणि संधी आली, तर शिकवणाऱ्याकडूनच शिका. एकटीनं नाही.

पण दोन गोष्टी घरच्या आहेत. संक्रांत येईल. येवल्याला बायकासुद्धा गच्चीवर आसारी धरतात, तुम्हीही धरा. फक्त साधा दोरा वापरा. नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे, त्यानं मोटारसायकलवाल्यांचे गळे चिरतात, पाखरं मरतात. आणि तारेत अडकलेला पतंग काठीनं, गजानं काढायचा नाही. पाच रुपयांचा पतंग, जाऊ द्या. पोरांनाही हेच शिकवा, सोडायला.

दुसरी गोष्ट, आमच्या गटात आम्ही चौघी आता स्कूटी शिकतोय. बाजार आठ किलोमीटर, बँक अकरा किलोमीटर, किती दिवस कुणाच्या मागं बसून जायचं? सगळ्यांत थोरली मी. आम्ही ठरवलंय, पहिले दोन दिवस फक्त ब्रेक. शाळेच्या मैदानावर चाल, थांब. चाल, थांब. पोरं कुंपणावर बसून हसतात. हसू द्या. जाऊबाई परवा बघायला आल्या होत्या. बराच वेळ उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “यातला ब्रेक कुठला गं?”

त्यांना उद्या बोलावलंय. तुम्हीही या. नमस्कार.