वर्ध्याहून अंतराळ किती दूर?

श्रोतेहो, वर्ध्याहून नागपूरला मोटारीनं जायचं तर किती वेळ धरायचा, हे आपण चटकन सांगतो. अंतराळात जायला किती वेळ लागेल, असं कुणी विचारलं तर? प्रश्न पोरकट वाटेल, पण हिशेब सोपा आहे. रस्ता सरळ वर जातो आणि गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानं धावते, एवढंच गृहीत धरायचं.

जमिनीपासून १०० किलोमीटर उंचीवर अंतराळ सुरू होतं, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणजे प्रवास फक्त एका तासाचा! अमेरिकेत तर ८० किलोमीटरची उंची ओलांडली तरी अंतराळवीर मानतात. हे अंतर जवळजवळ वर्धा-नागपूरएवढंच. डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांनीही १९७९ साली हीच गंमत सांगितली होती.

तर मग निघू या. पाच मिनिटांत आपण आठ किलोमीटर वर येतो. वर्ध्याहून सेवाग्राम आश्रम साधारण एवढाच लांब आहे. तेवढ्यातच पृथ्वीवरची दोन-तृतीयांश हवा खाली राहिली! इंजिन धापा टाकू लागेल, कारण पेट्रोल जळायला प्राणवायू लागतो. आणखी काही सेकंदांत एव्हरेस्टची उंची मागे पडेल. सहा-सात मिनिटांनी प्रवासी विमानं भेटतील. दहा मिनिटांनी नऊ-दशांश हवा आणि पावसाचे बहुतेक ढग आपल्या खाली असतील. पाव तासानं ओझोनच्या थरातून गाडी जाईल. उरलेला पाऊण तास भर दिवसा काळ्याभोर दिसणाऱ्या आकाशातून, जवळजवळ पोकळीतून प्रवास.

इतकं जवळ आहे, तर एवढाले अग्निबाण कशाला लागतात? कारण वर पोहोचणं वेगळं आणि वर टिकणं वेगळं. नुसते उंच गेलो तर फेकलेल्या चेंडूसारखे परत खाली येऊ. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग हवा. त्या वेगानं वर्ध्याहून नागपूर दहा सेकंदांत येईल! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. आपली गाडी तिथं चार तासांत पोहोचेल, पण थांबू शकणार नाही. चंद्र मात्र खरोखर लांब. न थांबता गाडी हाकली तरी १६० दिवस लागतील.

वर गेलेल्या गोष्टी खालीही येतात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भात अनेकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही.

श्रोतेहो, आकाश अथांग आहे, आपला धूर त्यात कुठंतरी विरून जाईल, अशी आपली समजूत असते. पण हवेचा थर किती पातळ आहे, ते या प्रवासात दिसलं. आपल्या वाहनांचा, कारखान्यांचा धूर अंतराळात निघून जात नाही. तो याच थरात मिसळतो. त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू तर शेकडो वर्षं टिकतो आणि उष्णता अडवून धरतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ही भर परवडणारी नाही. आपल्या कपाशीवर, सोयाबीनवर पडणारा पाऊस याच थरात तयार होतो आणि आपला श्वासही याच थरातला. सेवाग्रामला जाताना कधी आठवा: तेवढंच अंतर वर गेलं, की श्वास घेण्याजोगी हवा संपते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)