तपासणीचा दाखला आणि खरी तपासणी
(दुष्काळ निवारण समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत झालेलें भाषण)



आपण दिलेल्या द्रव्यांतून जे बांध, तलाव व मोऱ्या उभ्या राहतात, त्यांच्या तपासणीचे दाखले समितीच्या दप्तरीं जमा होतात. मागील सभेंत एका वर्गणीदार गृहस्थांनीं विचारलें कीं, दाखला हातीं आल्यावर पुन्हां शंका काढण्याचें प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मी तीन पुलांच्या हकीकतींतून देऊं इच्छितों.

पहिला पूल महाडजवळचा, सावित्री नदीवरचा. इंग्रजी अमदानींतील हा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्याची पाहणी होऊन वाहतुकीस धोका नसल्याचा निर्वाळा मिळालेला होता. या अनर्थानंतर सर्वत्र एकच मागणी उठली कीं पूल तपासा. मुंबईंतही महापालिकेनें पुलांचें ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ करविलें.

दुसरा पूल या तपासलेल्यांपैकींच होता. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पुलाचा मोठा भाग १४ मार्च २०१९ रोजीं सायंकाळीं, माणसांची वर्दळ असतांना, खालीं आला. सात माणसें दगावलीं व तीसजण जखमी झाले. मृतांत गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत रात्रपाळीस निघालेल्या तीन परिचारिका होत्या. त्या रुग्णालयास आपल्यासारख्याच एका दानशूर व्यापाऱ्याचें नांव आहे, हें येथें आठवल्यावांचून राहवत नाहीं. खालच्या रस्त्यावरील वाहनें तांबड्या दिव्यापाशीं थांबलीं होतीं, म्हणूनच संकट तेवढ्यावर निभावलें. आणि या पुलाविषयीं कागद काय म्हणत होता? पूल वापरण्यास योग्य; किरकोळ दुरुस्ती करावी.

मग फौजदारी गुन्हा नोंदला गेला. कांहीं दिवसांतच ऑडिट करणाऱ्यास अटक झाली, व पुढें महापालिकेच्या अभियंत्यांसही. महापालिकेच्या स्वतःच्या प्राथमिक चौकशींतही असेंच म्हटलें गेलें कीं, ऑडिट नीट झालें असतें तर ही दुर्घटना टळूं शकली असती. दोष कोणाचा व किती, हें ठरविणें न्यायासनाचें काम आहे. सभेंत बसून कोणास अपराधी ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जो कागद काल संरक्षण वाटत होता, तोच अपघातानंतर पोलिसांच्या हातीं पुरावा होऊन बसला. कागद तोच, मात्र त्यास प्रश्न विचारणारा भेटला, तो माणसें गेल्यानंतर.

तिसरी हकीकत गुजरातेंतील मोरबीची. मच्छू नदीवरील झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजीं खुला झाला आणि ३० ऑक्टोबरला तुटला. १३५ जीव गेले. विशेष तपास पथकानें तुटलेला मुख्य दोर तपासला. सात पदर, प्रत्येक पदरांत सात तारा, अशा ४९ तारांपैकीं २२ गंजलेल्या होत्या, व त्या बहुधा आधींच तुटल्या असाव्यात, असें पथकास आढळलें. पूल खुला करण्यापूर्वीं भार घालून परीक्षा झाली नव्हती, हेंही त्यानें नमूद केलें. सद्गृहस्थहो, ही खरी तपासणी! एकेक तार मोजणें याचें नांव पाहणें. पण ती मोजणी १३५ प्रेतें नदींतून काढल्यावर झाली. चार दिवस आधीं झाली असती तर तिला खर्च तो कितीसा आला असता?

म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, दाखला हा कोणीतरी सही केल्याचा पुरावा आहे. कोणीतरी पाहिल्याचा नव्हे. तो हातीं आला कीं त्यास चार प्रश्न विचारावे. पाहणारा स्वतः जागेवर गेला होता काय, आणि कोणत्या दिवशीं? त्यानें हात लावून, ठोकून, मोजून काय पाहिलें? कोणता भाग पाण्याखालीं, मातीखालीं वा लादीखालीं असल्यामुळें पाहतां आला नाहीं? आणि त्याचा अहवाल ज्यानें स्वीकारला, त्यानें तो वाचला काय? यांतील तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. “हा भाग मला दिसला नाहीं” असें लिहिणारा मनुष्य प्रामाणिक होय. सर्वत्र “ठीक” लिहिणाऱ्याविषयीं मात्र सावध असावें.

यांत कोणाचा अविश्वास नाहीं. आपण रोज सायंकाळीं दिवाणजीची वही ताडून पाहतां, तेव्हां त्याला चोर समजतां काय? पेवाच्या तोंडाशीं नांव लिहिलेलें असलें तरी दाणा काढून दांताखालीं धरून पाहतांच ना?

तेव्हां दोन विनंत्या करितों. वर्गणी देतांना तपासणीचा खर्च वायफळ समजून त्यांत काटकसर सुचवूं नये. आणि वर्षांतून एकदां तरी आपल्यापैकीं दोघांतिघांनीं दप्तरांतील दाखला घेऊन प्रत्यक्ष बांधावर जावें व लिहिलेलें आणि दिसणारें ताडून पाहावें. ज्या बांधाखालीं गांव झोपतें, त्या बांधाच्या कागदास प्रश्न विचारण्याची पाळी फौजदारावर येऊं नये. तो प्रश्न आपणच, वेळींच विचारावा.