चालण्याचा तास



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. तरी आज हृदयाबद्दल बोलते, कारण आपल्या बॅचच्या मुलींच्या गप्पांत आता शुगरच्या गोळ्यांची नावं येऊ लागली आहेत. आपल्या बाईंनी तर हे वय केव्हाच ओलांडलं आहे.

हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार, असं आपण धरून चालतो. पाळी चालू असेपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं, हे खरं. पाळी गेली की ते ओसरतं. त्यात मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासात दिसलं, की मधुमेहामुळे हा धोका पुरुषांपेक्षा बायकांत अधिक पटींनी वाढतो.

आता चांगली बातमी. तिथल्याच परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात मधुमेह असलेल्या सुमारे ५ हजार जणींची माहिती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला ४ तास किंवा जास्त व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात बरेच कमी आढळले. नुसतं भरभर चालणाऱ्याही त्यात होत्या.

काम करणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. पण हा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम.

“दिवसभर राबतेच की मी!” हे उत्तर मला पाठ आहे. पण ओटा ते गॅलरी म्हणजे चालणं नव्हे. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने चाला.

सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. इन्सुलिन घेत असाल तर सोबत साखर ठेवा, पायात नीट बसणारे बूट घाला. आणि अचानक धाप लागली, घाम फुटला, जबडा किंवा पाठ दुखू लागली, तर “पित्त झालंय” म्हणून पडून राहू नका. लगेच दवाखाना गाठा.

मुलग्यांनो, तुम्हालाही गृहपाठ आहे. ती चालायला गेली की कुकर तुम्ही लावा. पुढच्या मेळाव्याला सगळ्याजणी हजर हव्यात.