अवतार आणि त्यामागचा माणूस



आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. पण त्याच्या केंद्रस्थानी असलेला शब्द आपल्याच घरचा आहे. अवतार म्हणजे खाली उतरणे. १९८६ साली अमेरिकेतील लुकासफिल्म कंपनीच्या ‘हॅबिटॅट’ या संगणकीय खेळात खेळाडूच्या पडद्यावरील प्रतिमेला हे नाव दिले गेले आणि पुढे ते जगभर रुळले. आपल्या कल्पनेत देव मनुष्यरूपात उतरतो. येथे मनुष्य प्रतिमेत उतरतो.

हे घडते कसे? नर्तकाच्या सांध्यांवर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे लावतात. सभोवतालचे अनेक कॅमेरे ते एकाच वेळी टिपतात आणि प्रत्येक गोळ्याचे अवकाशातील स्थान संगणक मोजतो. हाती राहते ती केवळ हालचाल. चेहरा, वर्ण, वय सारे गळून पडते. ती हालचाल मग कोणत्याही आकृतीला देता येते.

येथेच कलेचा खरा प्रश्न उभा राहतो. देह वगळला, तर उरलेली गती कोणाची?

१९९९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘घोस्टकॅचिंग’ ही कलाकृती सादर झाली. बिल टी. जोन्स या कृष्णवर्णीय नर्तकाच्या हालचालींतून पॉल कैसर आणि शेली एश्कर यांनी हाताने रेखाटल्यासारख्या नाचत्या आकृत्या निर्माण केल्या. ज्याच्या कलेत स्वतःच्या देहाला मोठे स्थान होते, त्याचाच देह येथे अदृश्य झाला. तरीही कर्ते म्हणून तिघांचीही नावे लागली. मला हे महत्त्वाचे वाटते. नर्तकाला तेथे कच्चा माल मानले गेले नाही.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी दाखवले की, अंधारात सांध्यांवरील मोजके दिवे हलताना दिसले तरी पाहणारा चालणारा माणूस ओळखतो. १९७७ मध्ये कटिंग आणि कोझलोव्स्की यांना आढळले की, अशा दिव्यांवरून लोक आपल्या मित्रांनाही निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा ओळखतात. आपल्या दशावताराच्या प्रेक्षकाला याचे नवल वाटणार नाही. रंगभूषा कितीही गडद असो, रंगमंचावर पाऊल पडताच तो नट कोण, हे त्याला कळते. चाल ही माणसाची सहीच असते.

दशावतारात लिखित संहिता नसते. सहनटाच्या उत्तरावर पुढचे वाक्य सुचते. या नव्या कलेतही अशी देवघेव शक्य आहे. मार्च २०२१ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीने सहयोगी संस्थांसह ‘ड्रीम’ हा प्रयोग केला. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ येथे नट प्रत्यक्ष हालचाल करीत होते, पडद्यावरच्या अरण्यात त्यांचे अवतार वावरत होते, आणि घरी बसलेले प्रेक्षक काजव्यांसारखे प्रकाशबिंदू धाडून त्यांना वाट दाखवीत होते.

आणखी एक उदाहरण. मर्स कनिंगहॅम या थोर नृत्यरचनाकाराच्या पायांना उतारवयात संधिवाताने जखडले. पण हात नाचत राहिले. त्या हातांच्या नृत्याच्या नोंदीतून २००१ साली ‘लूप्स’ ही कलाकृती घडली. २००८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी ती नृत्यरचना इतर कलावंतांना खुली केली. त्यातली एक अट अशी की, मूळ कर्त्याचा उल्लेख व्हावा. हालचाल देहापासून सुटी करता येते, पण ती कोणी द्यायची आणि कोणत्या शर्तीवर, हे ठरवण्याचा अधिकार त्या देहधारकाचाच राहिला पाहिजे, याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

आज हालचाल टिपण्याची साधने स्वस्त आणि सुलभ झाली आहेत. उद्या आपल्यापैकी कोणी एखाद्या वृद्ध लोककलावंताची पावले अशी नोंदवील. तेव्हा त्याची संमती आधी घ्यावी, त्याचे नाव कृतीवर कर्ता म्हणून लिहावे आणि मोबदल्यात त्याचा वाटा ठेवावा, एवढीच विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे.